व्हिसा रिन्यू झाला, आडनाव राहिलं

माझ्या कंपनीच्या सरकारी फायलीत जो मोबाइल नंबर होता तो माझा नव्हता. हे मला गेल्या सप्टेंबरात, म्हणजे कंपनी काढून अकरा वर्षं झाल्यावर कळलं.

दुबईत आमचा पॅकिंग मशिनांच्या सुट्या भागांचा छोटा धंदा आहे. देरामध्ये दुकान, अल कुसैसच्या इंडस्ट्रियल भागात गोदाम आणि मला धरून पाच माणसं. कंपनीत भागीदारी असल्यामुळे मी इथे नोकरीच्या व्हिसावर नाही, पार्टनर व्हिसावर राहतो. कागदावर त्याला ‘इन्व्हेस्टर’ असा भारदस्त शब्द आहे. गिरगावातल्या चाळीत दोन खोल्यांत वाढलेल्या माणसाला तो वाचताना अजूनही वाटतं की हे कुणा दुसऱ्याचंच कार्ड आपल्या खिशात आलंय. माझा परवाना दोन वर्षांचा, म्हणजे दर दोन वर्षांनी रिन्यू करणं आलं. 10 वर्षांचा गोल्डन व्हिसाही आहे, पण जागेच्या जोरावर तो घ्यायचा तर किमान 20 लाख दिरहमांची मालमत्ता नावावर लागते. आमचे पैसे बेअरिंग, सेन्सर आणि कन्व्हेयरच्या पट्ट्यांमध्ये अडकलेले. तेव्हा दोन वर्षांवाला बरा.

आजवर ही सगळी कामं आमचे पीआरओ करायचे. आखातात पीआरओ म्हणजे जाहिरातीतला माणूस नव्हे. सरकारी कचेऱ्यांत कंपनीचे कागद घेऊन फिरणारा, तो इथला पीआरओ. अरबीत त्याला मंदूब म्हणतात. आमचे केरळचे होते, वयस्कर, अतिशय सज्जन. त्यांच्या हातात पासपोर्टांचा गठ्ठा दिला की आठवड्या-दीड आठवड्याने ते परत यायचे, सोबत पावत्या, आणि पासपोर्टात नवा स्टिकर. मी सही कुठे करायची एवढंच विचारायचो. 2022मध्ये स्टिकर बंद झाले, एमिरेट्स आयडी कार्ड हाच राहण्याचा पुरावा झाला, तरी आमची पद्धत तीच. गेल्या वर्षी ते निवृत्त होऊन त्रिशूरला गेले. जाताना माझ्या बायकोला हलव्याचा डबा देऊन गेले आणि मला म्हणाले, ‘आता सगळं ऑनलाइन आहे, तुम्ही स्वतःच करू शकता.’

परवान्याची मुदत होती 27 नोव्हेंबर 2025. मी सप्टेंबरच्या मध्यावर लॅपटॉप उघडला. मुदत उलटून वाढीव दिवसही संपले की रोजचे 50 दिरहम दंड लागतो, आणि तो मीटर माझ्या एकट्याचा नसतो. बायको, मुलगा, मुलगी यांचे व्हिसे माझ्या व्हिसाला टांगलेले आहेत. वरची खुंटी हलली की सगळे हलणार.

आधी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पहिल्यांदा करणाऱ्याचा इथेच गोंधळ होतो. दुबईचा रहिवासी परवाना दुबईचं रहिवासी खातं देतं, ज्याला सगळे जीडीआरएफए म्हणतात. एमिरेट्स आयडी कार्ड मात्र केंद्र सरकारचं, म्हणजे आयसीपी या ओळखपत्रं देणाऱ्या केंद्रीय खात्याचं. शारजा किंवा अजमानला राहणारा मित्र ‘आयसीपीच्या साइटवर जा, पाच मिनिटांत होतं’ म्हणाला तर तो खोटं बोलत नाही, पण ते त्याचं गाव झालं. दुबईची फाइल 201 आकड्याने सुरू होते, अबू धाबीची 101ने, शारजाची 301ने. स्वतःच्या फाइलचा हा पहिला आकडा बघितला की कुठल्या दारात उभं राहायचं ते कळतं.

लॉगिन होतं यूएई पास या सरकारी ओळखीच्या अ‍ॅपने. फोनवर चेहरा दाखवायचा, डोळे मिचकवायचे. मी ते करत असताना मुलगी शेजारी बसून हसत होती. माझं वैयक्तिक खातं सहज उघडलं. पण पार्टनरचा व्हिसा कंपनीच्या फायलीवर असतो, त्यामुळे अर्ज कंपनीच्या खात्यातून करायचा. त्या खात्यात जायला ओटीपी मागितला. ओटीपी गेला. माझ्या फोनवर काही आलं नाही. पुन्हा मागवला, पुन्हा गेला. शेवटी नंबरचे जे दोन-तीन आकडे पडद्यावर दिसत होते ते नीट वाचले. ते पीआरओकाकांचे होते. कंपनी उघडली त्या दिवशी त्यांनी फॉर्म भरला, आणि फॉर्म भरणारा माणूस स्वतःचा नंबर टाकतो. ई-मेलही त्यांचाच. म्हणजे अकरा वर्षं सरकार माझ्या कंपनीला जे जे कळवत होतं ते सगळं त्यांना कळत होतं.

त्रिशूरला फोन लावला. दुबईचं सिम त्यांनी कधीच बंद केलं होतं. बिचारे इतके ओशाळले की मीच त्यांची समजूत घातली.

नंबर बदलायला आमेर सेंटरला जावं लागलं. रहिवासी खात्याची कामं करणारी ही सेवा केंद्रं दुबईभर आहेत, टोकन घ्यायचं, बसायचं. मी कंपनीचं ट्रेड लायसन्स, एस्टॅब्लिशमेंट कार्ड (रहिवासी खात्यात कंपनीची नोंद असल्याचं कार्ड) आणि माझा आयडी घेऊन गेलो. काम अर्ध्या तासात झालं. ऑनलाइन अर्जाची माझी सुरुवात अशी एका खुर्चीत बसून झाली. पण यातून एक शहाणपण आलं, की अर्जाचं बटण दाबण्याआधी आपल्या नावावर कुठे काय लिहिलंय ते सगळं एकदा वाचून घ्यावं. मी अर्धंच वाचलं. उरलेलं का वाचलं नाही, ते पुढे येईल.

आता साखळी. पार्टनर व्हिसा चालू राहायला कंपनीचं ट्रेड लायसन्स चालू हवं. लायसन्स चालू राहायला दुकानाचा भाडेकरार नोंदवलेला हवा. त्या नोंदणीला इजारी म्हणतात, अरबीत अर्थ ‘माझं भाडं’. (हा ‘माझं’ कुणाचा, भरणाऱ्याचा की घेणाऱ्याचा, हे मला अजून समजलेलं नाही.) लायसन्सवरून एस्टॅब्लिशमेंट कार्ड, कार्डावर माझा व्हिसा, माझ्या व्हिसावर बायको-मुलांचे. कुटुंबासाठी घराच्या भाडेकराराची वेगळी इजारी. आणि प्रत्येकाचा आरोग्य विमा, कारण दुबईत विम्याशिवाय व्हिसा पुढे सरकत नाही. लायसन्स मी ऑगस्टमध्येच रिन्यू केलं होतं, इजारी त्याआधी. वाटलं, अर्धी लढाई जिंकली.

मधे एक गोष्ट घडली होती ती मी विसरलो होतो. ऑगस्टमध्ये लायसन्स झाल्यावर माझा भारतीय पासपोर्ट संपत आला म्हणून नवा काढला. नवा पासपोर्ट म्हणजे नवा नंबर. लायसन्सवर भागीदार म्हणून जुना नंबर. या दोन वाक्यांमध्ये किती मनस्ताप भरलेला आहे हे तेव्हा कळलं नव्हतं.

पण आधी मेडिकल. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आम्ही तिघं गेलो, मी, बायको आणि मुलगा. मुलगा यंदा 18 पूर्ण झाला, त्यामुळे त्याची ही पहिलीच वैद्यकीय तपासणी. धाकटी 14 वर्षांची, तिला सूट. केंद्र मुहैसनाला. पण मुहैसना कुणी म्हणत नाही. आपली सगळी मंडळी त्या भागाला सोनापूर म्हणतात. कामगारांच्या वसाहतींचा भाग, ‘सोन्याचं गाव’ असं नाव कुणी कधी दिलं कोण जाणे. मी सकाळी आईला डोंबिवलीला फोनवर सांगितलं, ‘आज आम्ही तिघं सोनापूरला चाललोय.’

पलीकडे शांतता.

मग आई म्हणाली, ‘सणासुदीचं काय बोलतोस रे हे?’

गिरगावकर माणसाला हे समजावून सांगायला नको. मरीन लाइन्सचं सोनापूर, चंदनवाडी, आमच्या चाळीपासून चालत दहा मिनिटं. आजोबांना तिथेच नेलं होतं. आमच्याकडे कुणी फार आजारी पडला की ‘सोनापूरचं तिकीट काढलं’ म्हणायचे. आईला दुबईचं सोनापूर समजावण्यात माझी पाच मिनिटं गेली, तरी फोन ठेवताना तिने ‘जपून जा’ म्हटलंच.

केंद्रावर पुरुषांची आणि बायकांची रांग वेगळी. घाई असेल तर जास्त पैसे भरून जलद सेवा मिळते, आम्ही साधी घेतली. माझ्यापुढे एका बांधकाम कंपनीची बस रिकामी झाली होती, सगळ्यांच्या अंगावर एकाच रंगाचे शर्ट, हातात एकसारखे कागद. मी इन्व्हेस्टर आणि ते मजूर, पण रक्त काढायची खुर्ची एकच आणि एक्स-रेच्या यंत्राला छाती टेकवायची पद्धतही एकच. 2006मध्ये मी नोकरीवर आलो तेव्हा त्यांच्यासारखाच बसमधून उतरलो होतो, तेव्हाही याच दोन तपासण्या होत्या.

मुलाने रांगेत विचारलं, ‘बाबा, रक्त कशासाठी घेतात?’

‘एचआयव्हीसाठी.’

‘आणि एक्स-रे?’

‘टीबी आहे का बघतात.’

त्याने मान हलवली आणि पुढे काही विचारलं नाही. मीही काही बोललो नाही. बापलेकात या विषयावर झालेलं हे आमचं सगळ्यात मोठं संभाषण. बाहेर आल्यावर त्याने कोपरावरचा कापूस माझ्या हातात दिला, लहानपणी चॉकलेटचा कागद द्यायचा तसा.

निकाल दुसऱ्या दिवशी संगणकावर आला. तिघेही फिट. हा निकाल अर्जाला आपोआप जोडला जातो, कागद लावावा लागत नाही. विमाही तसाच. मला हे फार आवडलं. पूर्वी पीआरओकाकांच्या पिशवीत जो गठ्ठा असायचा त्यातला निम्मा आता खात्यांनी आपसातच वाटून घेतलाय.

लक्ष्मीपूजन झाल्यावर, पाडव्याच्या मुहूर्तावर अर्ज भरायला बसलो. बायकोने शेजारी चकल्या ठेवल्या. अर्ज खरोखर छोटा आहे. फाइलचा नंबर टाकला की तुमची माहिती आधीच भरलेली समोर येते, तुम्ही फक्त बदल सांगायचा. पासपोर्ट नवा म्हणून जुन्या-नव्या दोन्हींची पहिली पानं जोडली. ट्रेड लायसन्स, भागीदारांची यादी, फोटो. फोटोवर मी पहिली चूक केली. मुलीने घरातच मोबाइलवर काढला होता, मागे पडदा. आम्ही त्या पडद्याला पांढरा म्हणतो. पडद्याचं म्हणणं वेगळं निघालं. मग खाली स्टुडिओत जाऊन खऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर काढून आलो. आयडी कार्डाचे वर्षाला 100 दिरहमप्रमाणे दोन वर्षांचे 200, वर सेवाशुल्कं. कार्डाने पैसे भरले. सगळं मिळून चाळीस मिनिटं, त्यातली वीस फोटोची.

चौथ्या दिवशी अर्ज परत आला. नाकारला नव्हता, दुरुस्तीसाठी परत. शेरा होता की अर्जदाराचा तपशील भागीदारांच्या यादीशी जुळत नाही.

मी म्हटलं, पासपोर्ट नंबर. दुसरं काय असणार? लायसन्सच्या खात्यात नवा नंबर नोंदवायला टाकला, झाला, पुन्हा अर्ज पाठवला. पुन्हा परत. शेरा तोच.

आता नोव्हेंबर उजाडला होता. मी आमेर सेंटर गाठलं. काउंटरवर एक एमिराती मुलगी होती, पंचविशीची असेल. तिने संगणकाचा पडदा पाहिला, माझं लायसन्स पाहिलं, माझा आयडी पाहिला आणि विचारलं, ‘तुमचं आडनाव तुम्ही कसं उच्चारता?’

मी उच्चारलं.

तिने पुन्हा म्हणायला लावलं. मग आयडीवरचं अरबी नाव मोठ्याने वाचलं, लायसन्सवरचं वाचलं, आणि हसू दाबत म्हणाली, ‘ही दोन वेगळी माणसं आहेत. आणि तुम्ही तिसरे.’

माझं आडनाव ‘च’ने सुरू होतं. अरबीत च नाही. प नाही, आपला ट नाही, ळ तर नाहीच. इथे पाटलांचा बातील होतो आणि त्याला इलाज नसतो. ‘च’ आला की लिहिणारा दोनपैकी एक वाट धरतो. कुणी ‘त’ आणि ‘श’ जोडून ‘तश’ लिहितो, कुणी सरळ ‘श’ लिहून मोकळा होतो. माझ्या आयडीवर होता ‘श’, पहिल्यापासून. लायसन्सवर ‘तश’. इंग्रजी स्पेलिंग दोन्हीकडे अक्षर न् अक्षर सारखं, आणि मी आयुष्यभर तेवढंच तपासत आलो. हीच ती उरलेली अर्धी बाजू. करारनाम्याची अरबी आणि इंग्रजी बाजू वेगळी बोलायला लागली तर इथल्या न्यायालयात अरबी चालते हे मी कितीतरी जणांना शहाणपणाने सांगितलंय. माझ्याच लायसन्सची अरबी बाजू मी वाचली नव्हती, कारण मला ती वाचता येत नाही.

हे झालं कधी? त्यासाठी अरबाबांची गोष्ट सांगावी लागेल.

2014मध्ये कंपनी काढली तेव्हा मुख्य दुबईत, म्हणजे फ्री झोनच्या बाहेर, धंदा करायचा तर 51 टक्के भाग स्थानिक नागरिकाचा असणं बंधनकारक होतं. आमचे भागीदार सत्तरीचे एमिराती गृहस्थ. त्यांना सगळे अरबाब म्हणजे मालक म्हणत, मीही म्हणायचो. ठरलेली वार्षिक रक्कम घ्यायचे, धंद्यात कधी लक्ष घातलं नाही. पण सहीला बोलावलं की वेळेवर येत आणि माझ्याशी अस्खलित हिंदीत बोलत. लहानपणी वडिलांबरोबर लाँचने मुंबईला आलेले. 1966पर्यंत इथे रुपयाच चालायचा, त्यामुळे त्यांच्या हिशोबाच्या आठवणी आण्यांमध्ये होत्या. भेंडीबाजारातल्या मिठायांची नावं त्यांना माझ्याहून जास्त पाठ. 2021च्या जूनपासून ही 51 टक्क्यांची अट बहुतेक धंद्यांसाठी गेली. मित्र म्हणाले, आता काढून टाक त्यांना. मला ते शब्दच आवडले नाहीत. शेवटी 2024मध्ये अरबाब आपणहून म्हणाले की गुडघे दुखतात, आता सहीला येणं होत नाही, तू सगळं नावावर करून घे.

तेव्हा करारनामा नव्याने लिहावा लागला. मी एका टायपिंग सेंटरमध्ये मसुदा करून घेतला. तिथल्या मुलाने माझा पासपोर्ट समोर ठेवला, इंग्रजी नाव वाचलं आणि त्याच्या कानाला जे योग्य वाटलं ते अरबीत लिहिलं. खरं तर ‘तश’ हे माझ्या उच्चाराच्या जास्त जवळ आहे. चुकला कुठे? त्याने माझा जुना आयडी बघितला नाही, मीही दाखवला नाही. नोटरीसमोर अरबाबांनी चष्मा लावून स्वतःचं नाव तपासलं, सही केली. माझ्या नावाकडे त्यांनी पाहिलं असेल की नाही, ठाऊक नाही. मी दाखवलेल्या जागी सही केली.

मागचा व्हिसा नोव्हेंबर 2023चा, म्हणजे या बदलाच्या आधीचा. म्हणून गोष्ट दबून राहिली होती.

संध्याकाळी घरी आलो आणि लायसन्सचा फोटो मुलापुढे धरला. ‘हे वाचता येतं का रे तुला?’ इथल्या शाळांत परदेशी मुलांनाही नववीपर्यंत अरबी सक्तीची असते. दर वर्षी आम्ही त्याच्या अरबीच्या मार्कांवरून घरात रडारड करायचो, हा विषय कशाला लागतो म्हणून. त्याने बघितलं, बोट ठेवून उजवीकडून वाचलं. ‘तशा…’ मग आयडी हातात घेतला. ‘शा… अरे बाबा, हे वेगळं आहे.’

‘हे लायसन्स दुकानाच्या भिंतीवर लावलंय. तू तिथे शंभर वेळा आलायस.’

‘तुम्ही कधी वाचायला सांगितलंच नाही.’

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘बरोबर आहे त्याचं.’

आता दुरुस्ती कुठल्या बाजूने करायची? आयडी लायसन्सप्रमाणे बदलायचा की लायसन्स आयडीप्रमाणे? मी आधी उच्चाराच्या मोहाने ‘तश’च्या बाजूला झुकलो होतो. काउंटरवरच्या मुलीने दुसऱ्या दिवशी शांतपणे विचारलं, तुमच्या आयडीवरचं नाव आणखी कुठे कुठे आहे? मी मोजू लागलो. बँक, ड्रायव्हिंग लायसन्स, गाडीची नोंदणी, वीज-पाण्याचं खातं, मुलांची शाळा, विमा, घराची इजारी. आणि लायसन्सवरचं? लायसन्स आणि त्यावरून निघालेलं एस्टॅब्लिशमेंट कार्ड, बस. उत्तर तिथेच मिळालं. कार्डावरचा 784ने सुरू होणारा नंबर, त्यापुढे माझं जन्मवर्ष, तो आयुष्यभर एकच राहतो. पत्ते बदलले, फोन बदलले, पासपोर्ट तिसरा झाला, तो बदलला नाही. त्याच्याशी जे जोडलेलं आहे त्याला हात लावायचा नाही, बाकीच्यांनी त्याच्याकडे यायचं.

लायसन्सवरच्या भागीदाराच्या नावाची दुरुस्ती, मग करारनाम्याला त्याप्रमाणे जोड, मग एस्टॅब्लिशमेंट कार्ड नवं. प्रत्येक पायरी ऑनलाइन, प्रत्येक पायरीला फी, आणि एक पायरी पूर्ण झाल्याशिवाय पुढची उघडतच नाही. शुक्रवारी अर्धा दिवस, शनिवार-रविवार सुट्टी. 2022पासून आठवडा असा झालाय हे अठरा-एकोणीस वर्षं इथे काढलेल्या माणसाच्या हाडात अजून बसलेलं नाही, मी अजूनही रविवारी सकाळी कागद घेऊन तयार होतो. नोटरीची भेट मात्र व्हिडिओवर मिळाली. कॅमेऱ्यासमोर कार्ड धरून मी हे माझं नाव आहे असं सांगितलं. आडनावाची सुरुवात मुद्दाम ‘श’ने केली.

20 नोव्हेंबरला तिसऱ्यांदा अर्ज पाठवला. मुदतीला सात दिवस. या वेळी अर्ज पाठवताना चकली नव्हती, कुणी शेजारी बसलंही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गोदामात सेन्सरची खोकी मोजत असताना फोन वाजला. मेसेज माझ्याच फोनवर आला, हेच आधी लक्षात आलं. मंजूर. पीडीएफ उतरवली. पुढची मुदत नोव्हेंबर 2027. मी तो मेसेज त्रिशूरला पाठवला, त्यांनी हात जोडल्याचं चित्र आणि केळ्याच्या बागेचा फोटो पाठवला.

मग कुटुंबाचे तीन अर्ज, माझ्या वैयक्तिक खात्यातून. ते तर फारच सोपे गेले. लग्नाचा दाखला जोडावा लागला, आणि तो स्कॅन करताना मला माझंच हसू आलं. लग्न वाईला झालं, नोंदणीचा दाखला मराठीत. 2009मध्ये कुटुंब आणायचं ठरवलं तेव्हा त्या एका पानासाठी भाषांतर, नोटरी, मुंबईत मंत्रालयाचा शिक्का, दिल्लीला परराष्ट्र खात्याचा, मग यूएईच्या वकिलातीचा, इथे आल्यावर इथल्या परराष्ट्र खात्याचा, आणि वर अरबी भाषांतर. दाखल्याच्या मागे शिक्के मावेनात म्हणून कागद डकवलेत. वाईच्या निबंधकाची गोल मोहोर सगळ्यांत खाली कुठेतरी दबली आहे. ती एकदाच केलेली मेहनत सोळा वर्षं पुरते आहे. लग्नाचा दाखला साध्या पाकिटात ठेवणाऱ्यांना माझं सांगणं आहे की बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, दागिने बाहेर राहिले तरी चालतील.

मुलाचं थोडं वेगळं होतं. 2022च्या नियमांनंतर अविवाहित मुलाला 25 वर्षांपर्यंत बापाच्या व्हिसावर ठेवता येतं. पूर्वी अठरा झाला की शिक्षणाचा पुरावा द्या, नाहीतर मुलगा स्वतःचं बघेल, असं होतं. आमच्या ओळखीतल्या एका घरी त्यापायी मुलाला घाईघाईने पुण्याला धाडलं होतं. आमच्या मुलाचे ठसे पूर्वीच घेतलेले होते, मेडिकल झालेलं, तीन दिवसांत मंजूर.

कार्डं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एमिरेट्स पोस्टच्या माणसाने दुकानावर आणून दिली. चार पाकिटं. रात्री जेवणाच्या टेबलावर ती ओळीने मांडली. मी एवढ्या दिवसांत अरबीची अठ्ठावीस अक्षरं नाही, पण माझ्या आडनावातली पाच शिकलो होतो. माझं कार्ड वाचून दाखवलं, अगदी बोट ठेवून, उजवीकडून. मुलीने टाळ्या वाजवल्या. मग बायकोचं वाचलं, ‘श’. मुलीचं, ‘श’.

मुलगा स्वतःचं कार्ड दिव्याखाली धरून बघत होता.

‘बाबा,’ तो म्हणाला, ‘माझ्यावर तश आहे.’

मी कार्ड हातात घेतलं. खरंच होतं. जुनं कार्ड काढून बघितलं, त्याच्यावरही. पहिल्यापासूनच असणार.

‘उद्या आमेरला जाऊ,’ मी म्हटलं.

‘कशाला?’ त्याने कार्ड परत घेतलं आणि पाकिटात सरकवलं. ‘तुम्हीच म्हणालात ना, आयडीला हात लावायचा नाही.’